जवळ्याचा डबा

आमच्या घरात जेवताना पुढचं दार लावायचं नाही, हा आईचा नियम. पाऊस आडवा येऊन उंबरा भिजला तरी नाही, वाडीतली कुत्री पायरीवर आशेनं येऊन बसली तरी नाही. मी लहान असताना एकदा थंडी वाजते म्हणून दार लोटलं, तर भरल्या ताटावरून उठून तिनं ते परत उघडलं. म्हणाली, "चोरी केलीय काय गो आपण?"

नियम मूळचा तिच्या वडिलांचा. त्यांच्या लहानपणी वाडीत चान्या, म्हणजे सुकवलेलं मांस, किंवा नुसते सुके मासे जरी चुलीवर चढले, तरी आधी दार लावून घ्यायचे. वरच्या आळीची माणसं वाटेनं जाताना नाकाला उपरणं लावायची, वर चार शब्द टाकून जायची. बौद्ध झाल्यावर आजोबांनी देव्हारा उचलला, त्याबरोबर ही सवयही घराबाहेर काढली. आता जे शिजेल ते दार उघडं ठेवून खायचं, ज्याला वास येईल त्यानं वाट बदलावी, असं त्यांनी बायकापोरांना सांगितलं. आई सासरी आली ती भांड्यांच्या जोडीनं हा नियम घेऊन आली. त्याची गोष्ट मी तिच्या तोंडून पन्नासदा ऐकलेली आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमची वाडी महाडहून दासगावच्या बाजूला, खाडीच्या वाऱ्यात. दासगावची एक मासेवाली आईच्या माहेरच्या ओळखीची. उन्हाळा सरत आला की ती पाटी घेऊन यायची आणि आई तिच्याकडून पावसाळ्याची बेगमी घ्यायची. थोडे बोंबील आणि पुष्कळसा जवळा, म्हणजे नखाएवढी सुकी कोळंबी. तो दोन दिवस गच्चीवर परत उन्हात घालायचा, सुपात घोळून घ्यायचा आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरायचा. पूर आला तेव्हा आईनं माळ्यावर चढवलेल्या पहिल्या वस्तू तीन. भिंतीवरचे फोटो, माझी सर्टिफिकेटं आणि तो डबा. गॅसची टाकी खाली राहिली. मी ओरडले, तर म्हणाली, "टाकी दुसरी भेटंल."

माझं लग्न टिकलं नाही. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. दोन वर्षांत मी परत माहेरी आले आणि पोलादपूरच्या शाळेत शिकवायला लागले. वडील आधीच गेले होते. घरात आई आणि मी. बसून विचार करत राहिलं की डोकं फिरायचं, म्हणून मी पळायला लागले. आधी वाडीच्या टोकापर्यंत, मग हायवेच्या कडेनं, मग रायगडच्या रस्त्यानं. तिशी उलटलेली मास्तरीण ट्रॅकपँट घालून रस्त्यानं पळते म्हटल्यावर लोकांची करमणूक झाली. "बाई, मागं कोन लागलाय?" असं रोज एक तरी मोटारसायकलवाला विचारायचा. मी थांबून उत्तर द्यायची, "तूच दिसतोयस." माझा स्वभाव असा. जीभ तिखट आणि डोकं गरम, आणि दोन्हींचा मला अभिमान.

पण पाय दुखायचे. लांबचं पळणं झालं की दोन दिवस जिना उतरता यायचा नाही. एका रविवारी पळत हिरकणीवाडीला पोचले आणि एका टपरीवर बसले, तिथं पुण्याहून आलेली एक बाई भेटली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, वाळलेल्या शेंगेसारखी अंगानं, आणि रायगडाच्या पायऱ्या पळत चढून-उतरून आलेली. टपरीवाली अंडं उकडून देऊ का म्हणाली, तर ती म्हणाली, मी प्राण्यांकडून काहीच घेत नाही. मांस-मासे नाही, अंडी नाही, दूधसुद्धा नाही. तिनं मला तासभर समजावलं. शरीर कशानं लवकर सावरतं, डाळी आणि धान्य एकमेकांना कशी पुरी पडतात, दमलेल्या स्नायूंना काय लागतं. निघताना म्हणाली, "तुम्ही कोकणातले, तुमच्याकडे तर सगळं आहे. नाचणी, कुळीथ, पावटा. आम्ही ते दुकानातून आणतो."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीही पटलं असतं, ज्यानं आपलं शरीर आपल्या ताब्यात आल्यासारखं वाटेल असं. घरी येऊन आईला सांगितलं. सकाळी नाचणीची आंबील, डब्यात पावट्याची उसळ, पळून आल्यावर भिजवलेले शेंगदाणे आणि खजूर, जेवणात कुळथाची पिठी.

आई हसली. "कुळीथ बैलाला घालतात, गो."

"आता मला घाल."

"बैल तरी वर्सातनं दोन मयने निवांत असतो."

शेजारची काकी आईची जन्माची मैत्रीण, तिच्या आमच्या घराची भिंत एक. ती कोऱ्या चहाचा कप बघून म्हणाली, "माळ घातलीस काय गो? बौद्धाच्या पोरीनं माळ घातलेली पयल्यांदाच बघतेय." मी तिला स्नायूंचं शास्त्र सांगितलं. तिनं ते जांभई देत ऐकून घेतलं.

पण गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. तीन-चार महिन्यांत पाय हलके झाले. लांब पळाल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून शिकवता येऊ लागलं. अर्धमॅरेथॉनला माझी सात मिनिटं कमी झाली आणि तिशी ते चाळिशीच्या बायकांत मी दुसरी आले. वर्तमानपत्रात कोपऱ्यात फोटो आला. आईनं तो कापून भिंतीवरच्या फोटोंच्या खाली चिकटवला. मी आजही तसंच जेवते. त्या खाण्यात काही चूक नव्हती, हे मी इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

आई तेव्हा दोन स्वयंपाक करायची. आधी माझा, मग तिचा. तक्रार नव्हती. पण माझं एकदा चांगलं होतंय म्हटल्यावर मला सगळं जग चांगलं करायची घाई झाली. बचत गटात जाऊन बोलायला लागले. शाळेत पोरांच्या डब्यात वेफर दिसले की आयांना बोलावून घ्यायची. हिरकणीवाडीच्या टपरीवाल्यांना पटवून दोघींकडे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं सुरू करून घेतलं. आपल्या मातीतलं खा, जीव न मारता खा, आणि बळकट व्हा, असं माझं सूत्र. बोलायला मला येतं. लोक ऐकायचे.

त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी उन्हातच मी लांब पळून आले होते, पोटात काही नव्हतं, आणि दारातून आत पाऊल टाकलं तर जवळा भाजल्याचा वास. आई तव्यावर तो परतत होती. मला भडभडून आलं. मोरीत जाऊन ओकारी काढली. तोंड पुसत बाहेर आले आणि ओरडले, "आई, हा वास घरात पुन्हा नको! माणसं राहतात इथं!"

दार उघडं होतं. बाहेर वाटेवर कुणीतरी थबकलं, मग चालू लागलं.

मी सहावीत असताना वर्गातल्या एका मुलीनं माझ्या डब्यातल्या बोंबलाकडे बघून नाक धरलं होतं आणि आपलं दप्तर घेऊन दुसऱ्या बाकावर गेली होती. मी रडत घरी आले होते. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली, मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बाकावर बसली आणि माझ्या डब्यातला बोंबील माझ्याबरोबर खाल्ला. सगळ्या वर्गासमोर, सावकाश. हे मला त्या शनिवारी आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

आईनं गॅस बंद केला. तवा उचलून मागच्या दारी गेली. परत आली ती रिकाम्या तव्यानं. मला लिंबाचं सरबत करून दिलं आणि म्हणाली, "बस, वाऱ्याला बस." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते आणि भांडणात काहीतरी शहाणपणाचं कानावर पडलं असतं. दुसऱ्या दिवशी फळीवरचा डबा दिसला नाही. त्या जागी तिनं नाचणीच्या पिठाचा डबा ठेवला होता. मी मनात म्हटलं, बघा, शेवटी पटलं. मासेवाली त्या वर्षी आली तर आई पायरीवरच तिच्याशी बोलत बसली आणि तिला पाणी देऊन वाटेला लावलं. मी ते खिडकीतून पाहिलं आणि मला अभिमान वाटला.

त्यानंतर आई माझंच जेवू लागली. माझ्याबरोबर संध्याकाळी दार उघडं ठेवून कुळथाची पिठी आणि भात. थोडंच खायची. म्हणायची, वयानं भूक मरते. अंगानं उतरली, तर मी म्हटलं हलकी झाली, गुडघ्यांना बरं. रविवारी तिला रिक्षानं सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायची, त्या पाण्यात ती पाय सोडून बसायची आणि मी शेजारी उभी राहून पाय ताणायचे व्यायाम करायची. दोघी एकमेकींना आपलं बरं चाललंय असं दाखवायचो.

मग पोलादपुरात एक कार्यक्रम झाला. शाकाहार आणि आरोग्य असा काही विषय होता. कुणी भरवला ते सोडा. मला वक्ता म्हणून बोलावलं आणि मी आईला बरोबर घेऊन गेले. हॉल भरलेला. पुढच्या रांगेत मोठे शेतकरी, व्यापारी, गळ्यात माळा घातलेले लोक. मी बोलले, बरं बोलले. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, पण भाषणाला एक कळस हवा असतो. मी म्हटलं, "मी तर नोकरदार बाई, मला सोपं आहे. खरी हिंमत माझ्या आईची. तिनं साठ वर्षांची सवय एका दिवसात सोडली. आई, उभी राहा."

आई उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या आणि तिनं हात जोडले. मला तेव्हा वाटलं होतं ती लाजतेय.

कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ आले. पलीकडच्या खोऱ्यातलं मोठं जमीनदार घराणं, बोलायला अतिशय मऊ. मला नमस्कार करून म्हणाले, "ताई, तुमच्या समाजातसुद्धा असे शुद्ध विचार आले, फार आनंद झाला." मी आभार मानले. हसून मानले. वाटेवरच्या मोटारसायकलवाल्याला तोडून बोलणारी माझी जीभ तेव्हा टाळूला चिकटून बसली होती, कारण तिला टाळ्यांचा गूळ लागला होता.

एसटीत आई खिडकीशी बसली होती. महाड जवळ आल्यावर म्हणाली, "आनंद झाला म्हनला तो."

"हो."

"माझ्या आज्यानं त्यांच्याच खोऱ्यात गडीपना केला. दारात उभा नाय करायचे." तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "तू बोललीस मातर झकास."

हे सगळं सांगून तिनं विषय संपवला. मीही संपवला. पुढं दोन ठिकाणी भाषण केलं, पण आईला नेलं नाही, आणि का नेत नाही ते स्वतःला विचारलं नाही.

आईचं दुखणं पोटातलं निघालं. कळलं तेव्हा फार पुढं गेलेलं होतं. मुंबईला नेऊन आणलं, पण तिथल्या डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पथ्य नको. त्यांना जे आवडतं ते द्या, दोन घास जातील तेवढे." मी घरी येऊन विचारलं, आई, काय खावंसं वाटतं? ती म्हणाली, काय नको. शिरा? नको. खिमट? नको. आंबिलीचे चार चमचे घ्यायची, तेही माझ्याकडे बघून. आजार माझ्या खाण्यामुळे झाला नव्हता, डॉक्टरांनी ते मला स्पष्ट सांगितलं, मी दोनदा विचारलं म्हणून दोनदा सांगितलं. पण ती जेवत नव्हती, आणि तिला काय हवं ते मला कळत नव्हतं, एका घरात राहून.

मी रजा घेतली. रजेच्या दुसऱ्याच दिवशी दहाच्या सुमारास काकी मागच्या दारानं आत आली. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मला स्वयंपाकघरात बघून ती दचकली. मी शाळेत गेलेय अशी तिची समजूत. मी पदर बाजूला केला. वाटीत जवळ्याची चटणी आणि त्यावर अर्धी तांदळाची भाकरी.

"हे काय काकी?"

काकीनं वाटी ओट्यावर ठेवली. मग तिचा तोल गेला. "काय म्हनजे? तिचं जेवान हाय. तू पोलादपूरच्या गाडीला गेलीस का रोज माझ्याकडं येते ती. चार वर्सं झाली. डबा माझ्याकडंच हाय तिचा, मासेवाली दर वर्साला माझ्या दारात भरून देते. मागच्या पडवीत बसायची, पुढं बसली तर कोनी बघंल आन तुझ्या कानावर घालंल म्हनून. खाऊन झालं का हात साबनानं धुवायची, दोनदा. आता उठवत नाय तिला, म्हनून मी घेऊन येते. तुला सांगू नको म्हनून शपथ घातलीय तिनं मला." बोलता बोलता काकी रडायला लागली. "लेकीच्या घरात चोरून खायचं आलं तिच्या नशिबी."

लेकीच्या घरात, असं काकी म्हणाली. घर आईचं होतं. वडिलांनी आणि तिनं विटा वाहून बांधलेलं. ते माझं कधी झालं ते मला सांगता येणार नाही, पण त्या शनिवारी झालं असावं. आणि त्या हॉलमध्ये मी तिला उभी केली त्या दिवशीही ती सकाळी काकीच्या पडवीत जेवूनच आली असणार. एवढ्या लोकांच्या टाळ्या तिनं तसल्या पोटानं हात जोडून घेतल्या, माझी फजिती होऊ नये म्हणून. मी मोरीपाशी बसून रडले. काकीनं मला समजावलं नाही, आणि ते तिनं बरोबरच केलं.

संध्याकाळी मी काकीकडून डबा आणला. पत्र्याला कडेनं गंज चढला होता, आत तळाशी दोन मुठी जवळा. मी आयुष्यात तो कधी केला नव्हता, खात होते तेव्हाही आईच करायची. काकीनं भिंतीपलीकडून सांगितलं तसं केलं. आधी कोरडा भाजला, मग कांदा, तिखट, वर दोन आमसुलं. वास सगळ्या घरात भरला. मला मळमळलं, पण मोरीपर्यंत जावं लागलं नाही. मऊ भात कालवला, त्यावर तो घातला आणि ताट घेऊन आईच्या खाटेशी गेले.

तिनं ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला सगळं समजलं. काकीच्या भिंतीकडे बघून "रांडेनं सांगितलंन" असं पुटपुटली. मी हसले, ती पण हसली. मला वाटलं, झालं, सुटलो आपण. मी पहिला घास उचलला.

तिनं तोंड फिरवलं. "आधी दार लाव गो."

मला वाटलं वारा लागतोय. मी चादर वर ओढली.

"दार लाव. वास बाहेर जातोय."

"जाऊ दे ना आई. आपण दार उघडं ठेवूनच जेवतो. आजोबांनी सांगितलंय ना."

"ते माझ्यापुरतं व्हतं. आता तू भाषनं करतेस. लोक वळखतात तुला." ती दमली, थांबली. "कोनी म्हनंल, लोकांना सांगते आन घरात हे. तुला नावं ठेवतील. लाव."

मी म्हटलं, ठेवू देत. मी म्हटलं, मी भाषणं सोडलीत, कधीच सोडलीत. मी तिचे पाय धरले, माफी मागितली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडलं नाही. भात निवत होता. मी तीनदा घास ओठांशी नेला, तीनदा तिनं मान वळवली. डॉक्टरांनी सांगितलेले दोन घास होते ते.

शेवटी मी ताट खाली ठेवलं, उठले आणि पुढचं दार लावलं. कडी घातली. तिला कडीचा आवाज ऐकू आला तेव्हा तिनं डोळे उघडले, मग चार घास खाल्ले.